सुभद्रेचा कप

परळ, ३ नोव्हेंबर

ऋता,

पत्र फाडायचंच असेल तर वाचून फाड. तू माझा फोन ब्लॉक केलास, आणि उठून पुण्याला यावं तर आजींना एकटं टाकता येत नाही. मग कागदाशिवाय माझ्यापाशी उरलं काय? कुरिअरवाला विचारेल आत काय आहे, तर आशीर्वाद म्हणून सांगणार आहे.

मुद्द्याचं आधी लिहिते. पंचवीस तारखेला तुला जबाबासाठी बोलावलंय, असं सौमित्र म्हणाला. जाऊ नकोस. तू पाहिलंस काय? तू हॉलमध्ये होतीस, टीव्ही चालू होता, तुला आवाज आला. आवाज ऐकणं म्हणजे पाहणं नव्हे. ड्राय बाल्कनीत, आजींच्या भाषेत मोरीत, सुभद्रा घसरली. ओल्या फरशीवर कुणीही घसरतं. आजींनी स्वतःच्या कपातला अर्धा चहा तिला पाजला, ती प्यायली, त्यावरून सौमित्र थोडं बोलला, हे खरं. बोलला म्हणून कुणी पडतं का? तू तिला उचलून हॉस्पिटलात नेलंस, इथवर मी तुला नावं ठेवत नाही. पण तिथून पोलीस ठाण्यात? सख्ख्या भावाचं नाव लिहून द्यायला? त्याच्या ऑफिसने त्याला घरी बसवलंय. त्यात तो अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा, आणि तोही आपल्या घरावर! आपण आजवर कुणाची जात विचारली आहे का?

म्हणून तर आपण नावसुद्धा विचारत नाही. गिरगावच्या वाडीत असल्यापासून आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईला सुभद्राच म्हणतात. लहानपणी तुला वाटायचं, सुभद्रा हा शिपाई-कारकुनासारखा हुद्दाच आहे. आजींचं म्हणणं सरळ होतं. नाव विचारलं की आडनाव कळतं, आडनाव कळलं की पुढचं सगळं कळतं, आणि एकदा कळलं की पाणी कुणी भरायचं, स्वयंपाकघरात कुणी यायचं याचा घोळ सुरू होतो. त्यापेक्षा सगळ्यांना एक नाव, एक कप आणि उंबऱ्यापलीकडे एक जागा. कुणाचा अपमान नको आणि कुणाला शंका नको. ही शेवटची तर आजींच्या सेवेला म्हणून राहायला आली आणि धुणं, लादी, संडास सगळं न सांगता करू लागली. सुट्टी मागायची तिला सवयच नव्हती. मीही तिच्या भल्याचंच पाहिलं. अर्धा पगार माझ्याकडे ठेवत होते, नाहीतर या बायका सण आला की निघून जातात.

कपावरून आठवलं. तिचा तो कान तुटलेला, निळ्या काठाचा कप मोरीतल्या फळीवर साबणाशेजारी असायचा. तू तिला घेऊन गेलीस त्यानंतर मी तो वर्तमानपत्रात धरून कचऱ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फळीवर होता. धुतलेला, पालथा, खाली पाण्याचं गोल. सौमित्र असली कामं करत नाही आणि आजी पलंगावरून उठत नाहीत. मीच सवयीने काढून धुतला असेन. पण तो कप मी आजवर कधी उघड्या हाताने धरलेला नाही, मग सवय लागली कधी?

असो. कामाची बाई मिळाली की सगळं ताळ्यावर येईल.

तुझी,
आई


परळ, ८ नोव्हेंबर

ऋता,

तुझं उत्तर नाही. हट्टीपणात तू आजींवर गेलीस, माझ्यावर नाही.

खालच्या वॉचमनने काळाचौकीहून एक बाई पाठवली होती. मी रीतीप्रमाणे सांगितलं, तुला इथे सुभद्रा म्हणू. बरं म्हणाली. आजींना पुसलं, कपडे बदलले, हात चांगला होता. चहाच्या वेळी मी फळीकडे बोट दाखवलं. ती कपाजवळ गेली, सुलटा केला, आत वाकून पाहिलं आणि होता तसा पालथा ठेवला.

"बाई, हा कुणाचा तरी हाय."

"होता," मी म्हटलं. "आता तुझा."

"नाय बाई. ती अजून गेली नाय हितून."

आणि चपला घालून चालती झाली. दिवसभराची मजुरीसुद्धा मागितली नाही. मजुरी न मागणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती, म्हणून जरा चरकलेच. आता काळाचौकीहून कुणी येत नाही, कॉटन ग्रीनहूनही नाही. वॉचमन म्हणतो, मॅडम, एकोणिसावा मजला म्हटलं की फोन ठेवतात.

तेव्हा सगळं मीच करते आहे. आजींचे डायपर, उष्टी भांडी, लादी. कंबर धरली आहे. आणि आजींचं एक नवीन सुरू झालंय, ते तुला सांगावं की नाही कळत नाही. दुपारी चहाच्या वेळी त्या बोलतात. समोर बघून नव्हे, पलंगाच्या पायाशी जमिनीकडे बघून, जिथे आधीची सुभद्रा बसायची. काहीतरी विचारतात आणि थांबतात. मग मान हलवतात, कधी हसतात. थांबतात ते नेमकं उत्तर ऐकण्याएवढं. काल मी दाराशी उभी राहून ऐकलं. "पाय आखडलाय गं," म्हणाल्या. थांबल्या. आणि हळूहळू दोन्ही पाय सरळ केले. फिजिओवाली गेलं वर्षभर तेच सांगून थकली होती. मला आनंद व्हायला हवा होता. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच मिक्सर लावला.

दुसरं ते स्टूल. ती आजींच्या खोलीत निजायची तेव्हा दाराला आतून लोखंडी स्टूल लावायची. मी कितीदा बोलले, अगं, घरातच आहेस ना, स्टूल कशाला? तर खाली मान घालून उभी. गिरगावातली एक तर बोळातल्या दाराला चक्क पाटा ओढून लावायची आणि सकाळी मला ठेच लागायची. या बायकांना विश्वास म्हणून ठाऊक नाही. आता ते स्टूल मी रोज स्वयंपाकघरात नेऊन ठेवते आणि संध्याकाळी ते आजींच्या दारामागे असतं. मी सौमित्रला विचारलं, तू हलवलंस का? त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली की पुन्हा विचारलं नाही.

त्याचा जीव कावलाय. काल आमटीत मीठ जास्त झालं तर ताट सरकवलं. सरकवलं म्हणजे सरकवलंच, उगाच तर्क लढवू नकोस. तो म्हणतो, तू शिवडीला जा, तिला भेट, राहिलेला पगार दे, वर काही दे, आणि तक्रार मागे घेते अशा कागदावर सही घेऊन ये. बायकांचं बायकांशी जमतं म्हणतो. मला पटतंय. सामोपचाराने मिटलं तर तुलाही जबाबाचा त्रास नाही. मिटलं की घरी येशील ना?

तुझी,
आई


परळ, १५ नोव्हेंबर

ऋता,

शिवडीला जाऊन आले.

टॅक्सीवाला गोदामांपाशी थांबला, पुढे गाडी जात नाही म्हणाला. ओहोटी होती. चिखलाचा वास, रांगेने उभे ट्रक, आणि वर मान केली तर आपला टॉवर दिसत होता. आपल्या गॅलरीतून मी फ्लेमिंगो बघते तेव्हा ही वस्ती मधेच कुठेतरी असणार. मला ती कधी दिसली नव्हती.

नळावर बायका होत्या. मी विचारलं, "सुभद्रा कुठे राहते?"

"कुठली सुभद्रा?"

"परळच्या टॉवरमध्ये कामाला होती ती."

"कुठल्या सालची?" एकीने विचारलं.

मला वाटलं, थट्टा करतेय. पण कुणी हसत नव्हतं. तेवढ्यात आतून एक म्हातारी आली, कपाळावर गोंदण, डोळ्यांवर जाड चष्मा. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "वळखलं नाय, वैनी?"

गिरगाव सुटल्यापासून मला कुणी वहिनी म्हटलेलं नाही.

"मी गंगुबाई. तुमच्या घरात सुभद्रा. तुमचं लगीन नवीन हुतं. पाट्याची ठेच लागली म्हणून मला लई बोलला हुता."

मी म्हटलं, "मग आता तरी सांग, दाराला पाटा कशाला लावायचीस?"

"सायबांसाठी."

तुझ्या बाबांबद्दल बोलत होती ती. हेमचंद्र म्हणजे देवमाणूस, सगळी वाडी म्हणायची. बाई म्हातारी आहे, चुकत असेल, किती घरी कामं केली असतील. मी तसं म्हटलं. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"माझ्या हातचं पाणी तुमच्यात चालत नव्हतं, वैनी. हात धरलेला चालत हुता. मी काम सोडलं तवा माझ्या जागी आलेलीला सांगितलं, दाराला काय तरी जड लाव. तिनं तिच्या मागच्या बाईला सांगितलं. गुणवंतीला स्टुलाचं मीच सांगितलं."

"गुणवंती कोण?" मी विचारलं.

नळ कुणीतरी बंद केला. मला कळायला वेळ लागला. दोन वर्षं ती आपल्याकडे निजली, ऋता. तुला तिचं नाव माहीत होतं ना? तूच तक्रारीत लिहून दिलं असणार. मला सांगितलं का नाहीस?

गंगुबाईने आत बसवलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. फोटोखाली फळी, आणि फळीवर कपच कप. एकाला दुसऱ्याचा जोड नाही. कुणाला तडा, कुणाचा कान तुटलेला, कुणाची नक्षी पुसलेली, एक पोचे आलेला अ‍ॅल्युमिनियमचा पेला. सगळे पालथे.

"आमचेच हायत," ती म्हणाली. "ज्या ज्या घरी कामं केली तिथले. काम सोडताना आपला कप घिऊन यायचा, तिथं ठिवायचा नाय. ठिवला तर बाई पुरती घरी येत नाय, थोडी तिथंच ऱ्हाते. आमच्यात असंच मानतात."

फळीवर एक जागा रिकामी होती.

"गुणवंतीचा तुमच्याकडं ऱ्हायला. तिला उचलून नेली ना, घेणार कशी?"

गुणवंती आतल्या अंगाला निजली होती. मनगटाला प्लास्टर, डोक्याला टाके, त्यावर केस आता कुठे उगवत होते. गंगुबाई म्हणाली, डॉक्टर म्हणतात सगळं भरून येतंय, पण ही बोलत नाही. हाक मारली तर बघतही नाही. फक्त चहाच्या वेळी बोलते.

चहाची वेळ झालीच होती. एका मुलीने मला चांगल्या कपबशीत चहा आणला. मी नको म्हटलं. तुला माहीत आहे, मला पित्त होतं.

तेवढ्यात गुणवंती बोलली. भिंतीकडे तोंड होतं तिचं. आवाज अगदी साधा, रोजचा. "आजी, पाय सरळ करा बघू." मग थोडी थांबली. थांबली ते नेमकं ऐकण्याएवढं. आणि हसली.

मी उठले. पगार गंगुबाईच्या हातात दिला, कागद पिशवीतच राहिला. गल्लीच्या तोंडापर्यंत ती सोडायला आली. "पैशाचं काय नाय वैनी," म्हणाली, "कप तेवढा धाडा."

मला भीती वाटते आहे, ऋता. कशाची ते धड सांगता येत नाही. तू ये.

आई


परळ, १९ नोव्हेंबर

ऋता,

कुणाकडून कानावर येण्याआधी मीच कळवते. काळजीचं कारण नाही. मोरीत पाय घसरला माझा. ओल्या फरशीवर कुणीही घसरतं. उजवं मनगट सुजलंय, हाड मोडलेलं नाही. अक्षर वाकडं आलंय ते डाव्या हाताने लिहिते म्हणून.

सही न घेता परत आले म्हणून सौमित्र तीन-चार दिवस माझ्याशी बोलत नव्हता. काल मी कप वर्तमानपत्रात गुंडाळत होते, शिवडीला पाठवायला. तो मोरीच्या दाराशी आला. म्हणाला, कप परत देणं म्हणजे कबूल करणं. मी म्हटलं, अरे, साधा एक कप आहे. मग मी घसरले.

कप फुटला नाही. फळीखाली गडगडत गेला आणि पालथा होऊन थांबला.

आपले डॉक्टर आले होते. मनगट उलटसुलट करून पाहिलं, चारही बोटांच्या खुणांवरून स्वतःचं बोट फिरवलं आणि म्हणाले, "अहो, तुमच्या मोरीला बोटं कधी फुटली?" मी हसले. ते हसले नाहीत. सौमित्र शेजारीच उभा होता, फार अदबीने फी दिली.

आजी आता मला ओळखत नाहीत. म्हणजे ओळखतात, पण सुभद्रा म्हणून. डायपर बदलते, पुसते, पायाशी बसून तेल लावते, तर मी आणखी कोण असणार? काल त्यांनी माझं मनगट पाहिलं. पाहत राहिल्या. मग डोक्यावरून हात फिरवला. लग्न होऊन या घरात आले त्याला एवढी वर्षं झाली, त्यांनी माझ्या डोक्यावरून कधी हात फिरवलेला नाही.

"दुखतंय का गं, सुभद्रे?" म्हणाल्या.

मी म्हटलं, "नाही आजी." सासूबाई म्हणायचं विसरले. ती आजी म्हणायची.

"कालिंदीला नको सांगूस हं," त्या माझंच नाव घेऊन मला हळूच म्हणाल्या. "सांगून काही होत नाही. तिला सगळं दिसतं."

मग आपल्या कपातला अर्धा चहा त्यांनी माझ्यापुढे केला. मी प्यायले. खूप रडले मी त्यानंतर, ऋता, नळ सोडून रडले, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.

सौमित्रने सांगितलंय, ऋताला पुन्हा लिही, जबाबाला जाऊ नकोस म्हणून. लिहिलं.

आई


परळ, २२ नोव्हेंबर

ऋता,

हे पत्र आणि सोबतचं पुडकं कुरिअरला टाकायला वॉचमनच्या हाती देणार आहे. तो दुपारी आजींच्या औषधांचं पार्सल घेऊन वर येतो. सौमित्र अंघोळीला गेला तेव्हा मी इंटरकॉम केला, जरा दबक्या आवाजात. वॉचमन म्हणाला, "कोण, सुभद्रा का?"

मी हो म्हटलं.

पुडक्यात कप आहे. यावेळी मी तो वर्तमानपत्राने धरला नाही. धुतला, पुसला आणि माझ्या जुन्या साडीत बांधला. पंचवीस तारखेला आधी शिवडीला जा, गंगुबाईच्या फळीवर तो ठेव आणि मग पोलीस ठाण्यात जा. आजी आज सकाळपासूनच जमिनीकडे बघून विचारताहेत, "निघालीस का गं?" आणि थांबताहेत. उत्तर येत असावं, कारण मान हलवतात.

आता ऐक. चहावरून भांडण झालं असं मी तुला सांगितलं होतं. चहाचं नंतर. आधी सौमित्रने मोरीत तिचा हात धरला होता आणि ती "सोडा" म्हणाली होती. पहिल्यांदाच म्हणाली असंही नाही. एरवी तो हसून सोडून द्यायचा, मी आपली भाजी चिरत राहायचे. त्या दिवशी तिने हात झटकला आणि तुमच्या आईला सांगेन म्हणाली. तेव्हा त्याला एकदम तिची जात आठवली. आजीच्या कपाला तोंड लावतेस, म्हणाला, आणि जातीवरून जे बोलला ते मी या कागदावर लिहिणार नाही, ठाण्यातल्या साहेबांसमोर सांगेन. मग मनगट पिरगाळलं आणि डोकं कठड्यावर आपटलं. ती माझ्याकडे बघत होती. मदतीला ये म्हणूनही नाही, नुसती बघत होती. मी दारात उभी होते. माझ्या हातात चकल्यांचा डबा होता.

गुणवंती घसरली नव्हती. मीही घसरले नाही.

तू आवाज ऐकलास. पाहिलं मी. तेवढं साहेबांना सांग, आणि माझं नाव सांगताना कालिंदी म्हणून सांग.

मी आजींच्या खोलीत राहते आहे. तो बाहेरून अधूनमधून "आई" म्हणून हाक मारतो, अगदी लहानपणी मारायचा तशी. कालपासून मी ओ देत नाही. पोलिसांना घेऊन आलीस की फ्लॅटचं दार तोच उघडेल, गोड बोलेल, मी झोपले आहे म्हणेल. तू थेट आत ये. आजींच्या दारावर टकटक कर आणि जरा थांब. स्टूल सरकवायला मला वेळ लागतो.

आई